स्लोवाकियाचा शिक्का

माझे वडील उभ्या आयुष्यात वापीच्या पलीकडे गेले नाहीत, पण एका हिवाळ्यात सुमारे दोन महिने ते कट्टर स्लोवाक होते. आता हे सांगताना हसू येतं. तेव्हा येत नव्हतं. तेव्हा मी नववीत होते, चष्म्याची एक दांडी चिकटपट्टीने जोडलेली होती, आणि घरी, शाळेत, वाडीत, जावं तिकडे कुणीतरी मोठं माणूस मूर्खपणा करत बसलेलं असायचं आणि त्याच्या मधोमध मी. माझं सगळं लहानपण काही असं नव्हतं. पण हे प्रकरण मला वैतागूनच लिहायचं आहे, कारण तो वैताग अजून जसाच्या तसा आठवतो. वय झालं की माणूस निवळतं म्हणतात. मी अजून वाट बघते आहे.

नंदाखालला आमची केळीची वाडी होती. वाडीच्या मधोमध बावखल, म्हणजे शिंपणासाठी जुन्या लोकांनी खणून ठेवलेलं लहानसं तळं, आणि त्याच्या दोन अंगांना दोन घरं. एक आमचं, समोरचं भाऊकाकांचं. भाऊकाका बाबांचे थोरले भाऊ. मी तिसरीत असेपर्यंत दोन्ही घरांचं जेवण एकाच चुलीवर व्हायचं आणि त्यांची रुची आणि मी एकाच ताटात जेवायचो. मग वाटण्या झाल्या. बावखल तेवढं सामाईक राहिलं, आणि त्यावरची पाण्याची मोटरही एकच राहिली, एक दिवस त्यांचा, एक दिवस आमचा. सकाळी मोटर सुरू झाली की आई स्वयंपाकघरातूनच ओळखायची आज पाळी कुणाची आहे ते. भाऊकाका बटण दाबून निघून जात. बाबा तिथेच उभं राहून मोटरीला शिव्या घालत, आणि ती मोटरही त्यांच्या दिवशीच खोकायची. त्या आवाजावर उठायची सवय मला इतकी झाली की आता मनवेलपाड्यातल्या तिसऱ्या मजल्यावर सोसायटीचा पंप खोकला की मी दचकून दप्तर शोधते.

केळीच्या वाडीत आवाज कधी थांबत नाही. वारा नसला तरी सुकलेली पानं एकमेकांवर घासत असतात, दुपारी चर्चची घंटा होते, रस्त्यावरून विरारकडे जाणारे पाण्याचे टँकर कर्कश हॉर्न देत जातात. या सगळ्याच्या वर बाबांचा आवाज. आमच्या घरच्या बोलीत ‘स’चा ‘ह’ होतो. सकाळ म्हणजे हकाळ, सांग म्हणजे हांग, आणि सात म्हणजे हात. आई दादरची, तिच्या तोंडी ‘स’ स्वच्छ. ती लग्न होऊन आली तेव्हा बाबांनी तिला “हात नारल आन” म्हटलं, आणि ती बराच वेळ हात पुढे करून उभी राहिली होती, असं ती सांगायची. मी दोन्ही बोलायचे. शाळेत ‘स’, वाडीत ‘ह’. फक्त संतापले की माझा सगळा कारभार ‘ह’वर यायचा, आणि त्या वर्षी मी बराच काळ संतापलेलीच होते.

आता सुकेळ्यांबद्दल सांगते, कारण सगळं घोडं तिथेच अडलं होतं. राजेळी केळी पिकवायची, सोलायची आणि बांबूच्या मांडवावर उन्हात वाळवायची. रोज उलटायची, संध्याकाळी ऊन उतरलं की कपड्यात गुंडाळून आत घ्यायची, सकाळी पुन्हा बाहेर. अशी सात उन्हं दाखवावी लागतात. सातवं ऊन लागलं की केळं मधासारखं होतं, आतून मऊ आणि बाहेरून किंचित चिवट. मग ते केळीच्याच सुक्या सोपटात, म्हणजे खोडाच्या सालीत, बांधायचं. वाळवणाच्या दिवसांत दोन्ही अंगणांत असा वास असायचा की माश्यांनाही गुंगी यावी. आजोबांनी या पुड्यांवर मारायला एक लाकडी शिक्का करून घेतला होता. कोंबडा, आणि खाली ‘नंदाखालची सुकेळी’. शिक्का निळ्या शाईचा, कोंबड्याची एक नांगी झिजून गेलेली, म्हणजे शेपटीची पिसं, पण आजोबा नांगीच म्हणायचे. आगाशीच्या बाजारात लोक सुकेळी मागत नसत, कोंबडा मागत.

वाटणीत वाडी मापली गेली, भांडी मोजली गेली, नारळाची झाडं नंबर घालून वाटली गेली. शिक्का मात्र कापता येईना. तेव्हा दोघा भावांनी कागदावर लिहिलं की वडिलांचा शिक्का यापुढे कुणीच वापरायचा नाही. तो भाऊकाकांच्या कपाटात एका बिस्किटाच्या डब्यात ठेवला गेला. बाबा सही करताना रडले होते म्हणे. पुढच्याच वाळवणाला बाबा आगाशीला गेले, तर टोपलीत पुडे, आणि प्रत्येक पुड्यावर कोंबडा. भाऊकाकांनी डबा उघडला होता. बाबा घरी आले, चप्पल काढली, आणि “कोंबडा डब्यातून बाहेर आला” एवढंच म्हणाले. त्या दिवसापासून ते भावाशी एक शब्द बोलले नाहीत. स्वतःची सुकेळी ते कोऱ्या सोपटात, नावाविना विकत राहिले. लोक पुडा उलटसुलट करून बघत, “कोंबडा नाही का?” विचारत आणि पुढे जात. आई म्हणायची, “अहो, दुसरा शिक्का करा ना. घोडा करा, हत्ती करा.” बाबा म्हणायचे, “शिक्का हाय आमचा. तो त्याच्याकडं हाय.” आई पुन्हा भांड्यांकडे वळायची. अशी सहा वर्षं गेली. माणूस बरोबर असतो आणि तरीही किती असह्य असू शकतो, हे मला बाबांनी शिकवलं.

अशा घरात आंतरशालेय स्पर्धेचं पत्रक आलं. विषय होता ‘मित्रराष्ट्रे : राजनैतिक संबंध आणि सहकार्य’. प्रत्येक शाळेतून दोन मुलं, दोघं मिळून युरोपातले दोन मित्रदेश. व्यासपीठावर आपापला झेंडा घेऊन उभं राहायचं, दोन देशांनी एकमेकांसाठी काय काय केलं ते सांगायचं, परीक्षकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची आणि शेवटी संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या करायच्या. देश चिठ्ठ्या टाकून वाटले गेले. आमच्या इतिहासाच्या फिलोमिना टीचरना पोर्तुगाल हवा होता, या पट्ट्यात एकेकाळी पोर्तुगीजांचं राज्य होतं, तेव्हा “आपल्या घरचा विषय” म्हणून. चिठ्ठी निघाली चेक प्रजासत्ताक आणि स्लोवाकियाची. टीचरनी ती चिठ्ठी दोन्ही बाजूंनी बघितली, मागे काही बरं लिहिलेलं आहे का म्हणून. मग वर्गात नजर फिरवली आणि रुचीला व मला उभं केलं. “तुम्ही दोघी बहिणी. मैत्री दिसायला पाहिजे,” त्या म्हणाल्या. रुची उंच, म्हणून ती चेक. मी स्लोवाकिया. मी लहान होते म्हणून लहान देश, इतकी साधी राज्यशास्त्राची समज.

आम्ही बावखलाच्या काठावर बसून तयारी करायचो, कारण तिच्या घरात मी आणि माझ्या घरात ती, यावर दोन्हीकडे चेहरे पडायचे. रुचीच्या मोबाइलवर माहिती शोधायची, माझ्या वहीत उतरवायची. आणि शोधता शोधता आमच्या लक्षात आलं की टीचरनी आम्हाला भलत्याच देशांत नेऊन सोडलं आहे. हे दोन्ही आधी एकच होते. भांडण नाही, गोळी नाही, पुढाऱ्यांनी बसून वाटणी केली. लोकांना वेगळं व्हायचंय का, असं कुणी विचारलंच नाही. “आपल्यासारखंच,” रुची म्हणाली. “आपल्याला कोणी विचारलं होतं?” विमानं, रेल्वे, वकिलातींच्या इमारती दोनास एक अशा वाटल्या. सीमेवर अडचणीची एक वस्ती यांनी त्यांना दिली, एक त्यांनी यांना. एकमेकांची भाषा दोघांना न शिकता कळते. आणि एक रीत मला फार आवडली. तिकडे नवा राष्ट्राध्यक्ष किंवा पंतप्रधान झाला की तो पहिली परदेशवारी शेजारच्या भावाकडेच करतो. मग जगात कुठेही जा. हे मी वहीत दोनदा अधोरेखित केलं.

मग ते झेंड्याचं सापडलं. वेगळं होताना ठरलं होतं की जुन्या एकत्र देशाची चिन्हं दोघांपैकी कुणीच वापरायची नाहीत. आणि चेकांनी जुना झेंडा ठेवून घेतला. पांढरा, लाल आणि बाजूने घुसलेली निळी त्रिकोणी पाचर, तोच, जसाच्या तसा. रुचीने वाचलं, मी वाचलं. बावखलात एक खंड्या सूर मारून वर आला. रुची म्हणाली, “शिट यार. कोंबडा.”

मी हे घरी सांगायला नको होतं. पण त्या वयात पोटात काही राहत नाही. बाबा जेवत होते, मडक्यात वाफवलेल्या उकडहंडीतला कंद सोलत. मी सांगितलं आणि त्यांचा हात थांबला.

“ठरलेलं कागदावर?”

“हो. कायद्यात.”

“आनि तरी घेतला?”

“घेतला.”

“बघ,” ते आईला म्हणाले. “बघ, हगलीकडं हेच. थोरले घेतातच.” आणि त्या दिवसापासून ते स्लोवाक झाले. सकाळी मोटरीला शिव्या घालून आले की विचारायचे, “आपले लोक काय म्हनतात?” मी ड्रॉइंग पेपरवर झेंडा काढत होते, तीन निळ्या डोंगरांवर दुहेरी आडवी काठी असलेला पांढरा क्रूस, तर बाबा शेजारी बसून डोंगर तुंगारेश्वरासारखे पाहिजेत म्हणून मला खोडायला लावायचे. क्रिकेट नसलेल्या देशावर त्यांनी इतका जीव लावला याचं आईला आश्चर्य वाटायचं. पण त्यांना हवा होता पुढचा भाग. स्लोवाकांनी मग काय केलं? कोर्टात गेले? बोलणं टाकलं? मी वाचून सांगितलं, की त्यांनी आपला नवा झेंडा केला आणि मैत्री ठेवली. बाबांना वाटलं मी खोटं बोलते आहे. “नीट वाच,” म्हणाले. मी नीट वाचलं. “बुळे लेकाचे,” बाबा म्हणाले आणि उठून वाडीत गेले.

बावखलापलीकडे याच्या उलट चाललं होतं. रुची दुसऱ्या दिवशी सांगायची, “आमचे बाबा म्हणतात, झेंडा सांभाळला कोणी? धूळ कोणी झटकली? डब्यात ठेवून वाळवी लागली असती.” म्हणजे तिकडे भाऊकाका चेक झाले होते. इकडचा निरोप तिकडे, तिकडचा इकडे. दोघे भाऊ सहा वर्षांत पहिल्यांदा एकमेकांशी भांडत होते आणि तेही आमच्या तोंडून, प्राग आणि ब्रातिस्लावाच्या नावाने. मला एकदा इतका राग आला की मी वही बावखलात टाकणार होते. रुचीने माझा हात धरला. “चिल,” ती म्हणाली. “स्टेजवर आपण जिंकू ना, मग दोघांना एका फोटोत उभं करू.” तिचा तसा बेतच होता. बक्षीस मिळालं की आई-वडिलांना व्यासपीठावर बोलावतात. बाबा आणि भाऊकाका एका चौकटीत, मधे आम्ही दोघी. जिंकणं मला त्या फोटोसाठी हवं होतं. ढालीशी मला काही देणंघेणं नव्हतं.

शाळेत टीचरची वेगळीच तऱ्हा. त्यांनी आमच्या भाषणातून झेंड्याचा परिच्छेद लाल रेघ मारून काढून टाकला. “वादाचे मुद्दे नकोत. मैत्री म्हणजे मैत्री,” त्या म्हणाल्या. आणि माझ्या ‘स’च्या मागे लागल्या. ‘सहकार्य’ हा शब्द आमच्या भाषणात चौदा ठिकाणी होता आणि घाईत माझ्या तोंडून ‘हहकार्य’ निघायचं. त्यांनी मला दातांत पेन्सिल धरून तो शब्द म्हणायला लावला. मधल्या सुट्टीत, प्रार्थनेआधी, शाळा सुटल्यावर. गंमत अशी की टीचरची घरची बोलीही आमच्यासारखीच ‘ह’ची. एकदा त्यांच्या आईचा फोन आला तर या वर्गाबाहेर जाऊन मोठ्याने म्हणाल्या, “हांगते ना, हंध्याकाळी येते!” आणि आत येऊन मला म्हणाल्या, “तनुजा, स. स. सहकार्य.”

स्पर्धेला दोन्ही वडील आले. एकाच गावातून, दोन वेगळ्या रिक्षांनी. सभागृहात बाबा डावीकडे बसले, भाऊकाका उजवीकडे, मधे दहा-बारा खुर्च्या आणि तुळिंजच्या एका शाळेची मुलं, जी फ्रान्स आणि जर्मनी होऊन आली होती, ड्रेसच्या रंगासकट. आमचं भाषण सुरेख झालं. एकूण एक ‘स’ बरोबर लागला. टीचर पहिल्या रांगेत ओठ हलवत होत्या. वस्त्यांची अदलाबदल, भाषा, पहिली वारी, सगळं क्रमाने आलं आणि टाळ्या पडल्या. मग प्रश्न. परीक्षक एक निवृत्त गृहस्थ होते, कुठल्याशा वकिलातीत आयुष्य काढलेले, फार सभ्य. त्यांनी माईक घेतला आणि माझ्याकडे बघून हसत विचारलं, “स्लोवाकिया, तुमच्या भाषणात मला एक गोष्ट दिसली नाही. झेंड्याबद्दल तुम्हाला शब्द दिला होता. तो मोडला. मग तुम्ही आज इथे हसत सही कशी करताय?”

टीचरचे ओठ थांबले. मला उत्तर येत होतं. मी ते दोन महिने रोज जेवताना दिलं होतं. मी सभ्यपणे सुरुवात केली, की दुःख झालंच, पण शेजारी बदलता येत नाही, वगैरे. आणि मग माझी नजर डावीकडे गेली. बाबा पुढे झुकून बसले होते, हाताची घडी, चेहऱ्यावर तेच, ‘बघू, आता काय बोलते’. माझ्या डोक्यात काहीतरी तुटलं.

“राग येनारच ना हर,” मी म्हणाले. सरांचं ‘हर’ झालेलं मला कळलंही नाही. “पण किती वर्षं? शिक्का त्यांनी घेतला तो घेतला. चूकच केली. पण आपन नवा करायचा. नुहतं रुहून बहायचं नाय, कोऱ्या पुड्यात विकायचं नाय. त्यांचा कोंबडा त्यांना लखलाभ.”

सभागृहात हशा पिकला. परीक्षक गोंधळून कागद चाळत होते. “शिक्का?” ते म्हणाले. “कोंबडा?” साडेतीनशे प्रेक्षकांपैकी दोघांनाच कळलं होतं, आणि ते दोघे हसत नव्हते. बाबा उठले आणि दाराकडे गेले. पाठोपाठ उजवीकडून भाऊकाका उठले, दुसऱ्या दाराने. संयुक्त जाहीरनाम्यावर माझी सही झाली. रुचीने पेन हातात घेतलं आणि खाली ठेवलं. चेक प्रजासत्ताकाने सही केली नाही. आमचे गुण विषयांतरासाठी कापले, ढाल फ्रान्स-जर्मनीकडे गेली. बाहेर पायऱ्यांवर रुची मला म्हणाली, “माझ्या बाबांना चोर म्हणालीस. सगळ्यांसमोर.” मी चोर म्हटलं नव्हतं. चूक म्हटलं होतं. पण ते सांगायला ती थांबली नाही.

त्यानंतरचे दिवस मला आठवायलाही नकोत. रुचीने वर्गातली जागा बदलली. बावखलाच्या काठावर आता मी एकटीच. घरी बाबा मला ओरडले असते तर बरं झालं असतं, पण ते माझ्याशी वाजवीपेक्षा नीट वागायला लागले, ताटात मासा वाढून द्यायचे, हळू आवाजात हाक मारायचे, आणि आपल्या लोकांबद्दल, म्हणजे स्लोवाकांबद्दल, एक चकार शब्द नाही. भाऊकाका मोटरीच्या दिवशी मला समोरून येताना बघून वाट बदलायचे. दोन भावांचं भांडण होतं ते आता दोन बहिणींचंही झालं, आणि ते मी केलं होतं. फोटो तर राहूच दे. या एका गोष्टीवर मी आजही स्वतःला पुरतं माफ केलेलं नाही. चौदा वर्षांच्या मुलीला एवढा भार देतात कशाला, हा रागही तितकाच शिल्लक आहे.

वाळवणाचे दिवस आले. दोन्ही अंगणांत मांडव उभे राहिले. एके दिवशी बाबा म्हणाले, “तुळिंजला जातो. शिक्का करायला टाकतो.” आईच्या हातातून पळी पडली. मी धावत जाऊन कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं, ‘नंदाखालची सुकेळी’. म्हटलं, “बाबा, हा कागदच द्या त्याला. तोंडी सांगू नका.” “माला काय बोलता येत नाय?” बाबा म्हणाले आणि कागद खिशात घातला. तो खिशातच राहिला. रबरी शिक्के करणारा पोरगा नव्याने आलेला, कुठला कोण जाणे. त्याने जे ऐकलं ते कोरलं. चित्र नको म्हणाले बाबा, चित्र असलं की लोक वाचत नाहीत. आठवड्याने ते शिक्का घेऊन आले, वर्तमानपत्रावर मारून दाखवला, आणि मी वाचलं.

‘नंदाखालची हुकेली’.

मी ओरडले. आई तोंडाला पदर लावून आत गेली. बाबा शिक्क्याकडे बघत होते आणि त्यांना त्यात काही म्हणजे काहीच चुकीचं दिसत नव्हतं. “बरोबर तर हाय. हुकेली.” “बाबा, सु! सु! सुकेळी!” “तेच ना. हुकेली.” मी कपाळ धरून बसले. पेन्सिल दातांत धरून मी जो ‘स’ घासला होता, तो असा शिक्क्यावरून गळून पडला होता. परत करून आणा म्हटलं तर ऐकेनात. त्यांनी पन्नास पुडे बांधून प्रत्येकावर शिक्का मारला, दाबून, जीभ किंचित बाहेर काढून, पोरांसारखी. मग त्यातला पहिला पुडा बाजूला काढला आणि माझ्यापुढे धरला.

“तुझ्या त्या लोकांचं काय होतं? नवा गडी आला की पयली फेरी कुटं?”

मला आधी कळेचना. मग कळलं. “शेजाऱ्याकडे,” मी म्हणाले.

“मग जा.”

बावखलाच्या बांधावरून चालत जायला दोन मिनिटं लागतात. मला ते अंतर फार वाटलं. दार रुचीने उघडलं. मी पुडा पुढे केला. तिने तो हातात घेतला, वाचला, पुन्हा वाचला. तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडते आहे. “हुकेली,” ती म्हणाली आणि दाराच्या चौकटीला धरून खालीच बसली, हसून हसून डोळ्यांत पाणी. “हहकार्य!” ती म्हणाली. “हर!” मग मीही बसले. आम्ही उंबऱ्यावर बसून इतक्या हसलो की काकी आतून धावत आली. तिच्या मागे भाऊकाका. त्यांनी पुडा उचलला, चष्मा लावून वाचला. हसले नाहीत. “बाबा अहंच म्हनायचे,” एवढंच म्हणाले, म्हणजे आजोबा, आणि पुडा घेऊन आत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोटर त्यांची होती. ती बंद झाली आणि रुची आमच्या अंगणातून थेट घरात आली, सहा वर्षांनी पहिल्यांदा. तिच्या हातात पुडा होता. त्यावर निळा, नांगी झिजलेला कोंबडा. बाबांनी तो पुडा घेतला, कोंबड्याकडे बघितलं. त्यांच्या नाकपुड्या फुगल्या तशी आई पुढे झाली. पण त्यांनी सोपट सोडलं, एक सुकेळं काढलं आणि उभ्याउभ्या तोंडात टाकलं. हळूहळू चावलं. पुन्हा एक घेतलं. आम्ही तिघी त्यांच्या जबड्याकडे बघत होतो. मला त्यांना हलवून विचारावंसं वाटत होतं, बोला ना, काहीतरी बोला.

“हहाच उन्हं लावलीत,” बाबा म्हणाले, आणि बोटंही दाखवली, सहा. “हातवं नाय दाखवलं. घाई करतो तो, पयल्यापासून.” मग हात धोतराला पुसून रुचीकडे वळले. भावाचं नाव त्यांनी घेतलं नाही, पण सहा वर्षांनी त्याला निरोप दिला.

“हांग त्याला.”